माहेर की बाहेर

ओठांवरून मला सगळ्यात आधी वाचता आले ते दोन शब्द म्हणजे ‘काही नाही’. कुणी शिकवले नव्हते. दिवसातून इतक्या वेळा ते माझ्यासमोर म्हटले जायचे की आपोआप पाठ झाले.

कान गेले तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. दिवाळीनंतर ताप आला, तो मेंदूत शिरला. पुण्याच्या दवाखान्यात बावीस दिवस काढले आणि भोरला घरी आले ती ठार बहिरी होऊन. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं की कानाच्या नसा गेल्यात, मशीनचा फारसा उपयोग होईल असं वाटत नाही. तरी आम्ही मशीन घेतलं. त्यातून कुणीतरी लांबवर भांडी पाडतंय असा आवाज यायचा, पण माणसाचा शब्द म्हणून कळायचा नाही. पंधरा दिवसांनी मी ते कपाटात ठेवून दिलं.

मी घरी ब्लाउज शिवते. आजारानंतर पहिल्यांदा शिलाई मशीनवर बसले तेव्हा मला वाटलं, मशीनच बिघडलंय. पाय चालत होता, सुई खालीवर होत होती, पण ते खोटं खोटं वाटत होतं. पूर्वी खालचा दोरा संपला की आवाज बदलायचा, मान वर न करता कळायचं. आता अख्खी बाही शिवून व्हायची आणि मग दिसायचं की कापडाला नुसती भोकं पडलीत.

घरात आम्ही चौघं. हे, सासूबाई, कॉलेजात जाणारी मुलगी आणि मी. ह्यांचं एसटी स्टँडच्या मागे मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी दुरुस्त करतात. तिघंही माझ्याशी चांगलं वागत होते. तेच मला खटकायचं. सासूबाई इतकी वर्षं भाजीला मीठ कमी पडलं तर बोलून दाखवायच्या, त्या आता मुकाट्याने जेवायला लागल्या. मुलीने माझ्यासाठी पाटी आणि खडू आणला. मी ती पाटी उचलून कॉटखाली सरकवली. पहिलीतल्या पोरासारखी मला पाटी?

मी स्वयंपाकघरात गेले की तिथलं बोलणं थांबायचं. ऐकू येत नसलं तरी बोलणं थांबलेलं दिसतं. चेहरा एकदम रिकामा होतो, हात उगाच डब्यांकडे जातात. मी विचारायची, “काय झालं?” आणि तिघांच्याही ओठांवर तेच, काही नाही. मी मोठ्याने बोलते हे मला कळायचं नाही, मग मुलगी तळहात खाली दाबून खूण करायची, हळू. त्या खुणेचा मला इतका राग यायचा की मी पुढचं बोलायचंच सोडून द्यायची.

गिऱ्हाइकांचंही तेच. एकदा आळीतल्या दोघी बायका माप द्यायला आल्या. मी एकीच्या पाठीला टेप लावला होता, समोर आरसा होता आणि आरशात दिसलं की दुसरी काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. मी टेप गुंडाळला, कापड परत त्यांच्या पिशवीत घातलं आणि म्हटलं, “माझ्याच्यानं होणार नाही.” त्यांनी खूप विचारलं असावं, कारण ओठ बराच वेळ हलत होते. मी बघितलंच नाही.

मग मी लक्ष ठेवायला लागले. कोण कुणाशी बोलताना माझ्याकडे बघतं, कोण पाठ करून बोलतं. रात्रंदिवस तोच उद्योग. हे घरात आले की मी मशीनवर बसून खाली मान घालायची आणि समोरच्या कपाटाच्या काचेत त्यांचं तोंड बघायची. थोडंथोडं वाचता यायला लागलं. ‘चहा’, ‘दुकान’, ‘लाइट गेली’. मला वाटलं, जमतंय.

होळीनंतर महिनाभराने झालेली गोष्ट. हे सकाळी निघताना दारात उभे होते आणि सासूबाईंशी बोलत होते. काचेत मला स्पष्ट दिसलं. ह्यांनी म्हटलं, “माहेरी पाठवू.” सासूबाईंनी मान हलवली आणि विचारलं, “कधी?” ते म्हणाले, “पुढच्या आठवड्यात.”

वीस वर्षांच्या संसारानंतर बहिरी बायको माहेरी पाठवायची, असं यांचं ठरलेलं दिसत होतं. विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते मला माहीत होतं.

पुढच्याच दिवशी हे आंघोळीला गेले तेव्हा मी त्यांचा मोबाईल उघडला. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या भावाचे फोन होते. रोज होते, एका दिवशी तर चार वेळा. माझा भाऊ गुंजवण्याला माझ्या माहेरच्या घरी असतो, भातशेती करतो. तो आणि हे एरवी दसऱ्याला आणि दिवाळीला बोलणारे. दोघांना एकमेकांशी बोलण्यासारखं एवढं काय होतं? मीच. माझ्याबद्दलच चाललं असणार. मी भावाला माझ्या मोबाईलवरून मेसेज केला, “सगळं ठीक आहे ना?” बऱ्याच वेळाने उत्तर आलं, “हो ताई. ठीक. तू काळजी घे.” तो मला मेसेजमध्ये कधी ‘काळजी घे’ लिहीत नसे.

आणखी एक होतं. आजारातून उठल्यावर दर रविवारी मुलगी मला मोबाईलवर आबा दाखवायची. आबा म्हणजे माझे वडील. ते गुंजवण्याच्या घराच्या ओट्यावर बसलेले असायचे, मी हात करायची, ते हात करायचे, कधी हातातला विळा दाखवायचे, कधी वासरू. होळीपासून ते बंद झालं होतं. मी विचारलं की मुलगी लिहून दाखवायची, “तिकडे रेंज नाही.” धरणाच्या पलीकडे रेंज नसते हे खरं, पण मग भावाला चार वेळा फोन कसा लागायचा?

सगळं जुळत होतं. माहेरी पाठवायचं ठरलंय, भाऊ कां-कू करत असेल, वहिनीला नको असेल, म्हणून रोज फोन. आबांना हे कळू नये म्हणून त्यांना माझ्यापुढे आणत नाहीत. मला हे सगळं इतकं पक्कं कळलं होतं की मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

मी ठरवलं, यांनी पाठवायच्या आधी आपणच जायचं. एका सकाळी हे दुकानात, मुलगी कॉलेजला आणि सासूबाई देवळात गेल्यावर मी चार साड्या पिशवीत भरल्या, मशीनवर चिठ्ठी ठेवली, “मी माहेरी गेले. पाठवायचे कष्ट घेऊ नका,” आणि स्टँडवर गेले.

आजारानंतर मी एकटी कुठेच गेले नव्हते. नसरापूरपर्यंत नीट गेले, तिथून वेल्ह्याची एसटी मिळाली. कंडक्टर काहीतरी म्हणाला, मी नुसतं “मार्गासनी” म्हटलं. तो परत काहीतरी म्हणाला. मी परत “मार्गासनी” म्हटलं. मागच्या बाकावरचा माणूस माझ्याकडे बघत होता. मी पिशवी मांडीवर घट्ट धरली.

आंबवण्याच्या अलीकडे गाडी थांबली. कंडक्टरने उभं राहून सगळ्यांना काहीतरी सांगितलं. लोक उठले, उतरायला लागले. मी बसून राहिले. सगळे उतरतायत आणि मला एकटीला कशाला ठेवतायत, असं काहीतरी मनात आलं. गाडी बंद पडलीय हे मला कळलंच नाही, कारण इंजिन चालू आहे की बंद हे मला सीटच्या थरथरीवरून ओळखायची अजून सवय झाली नव्हती. एक म्हातारी, नऊवारी नेसलेली, उतरता उतरता मागे वळली, माझ्याकडे आली आणि तिने सरळ माझ्या पिशवीला हात घातला.

मी ओरडले. किती मोठ्याने ते माहीत नाही, पण खाली उतरलेली माणसं खिडक्यांतून वर बघायला लागली. म्हातारीने पिशवी सोडली नाही. ती दुसऱ्या हाताने बाहेर दाखवत होती, तिथे एक जीप उभी होती आणि लोक तिच्यात बसत होते. तेव्हा मी पहिल्यांदा एका परक्या माणसाला सांगितलं, “मला ऐकू येत नाही.”

घरात हे वाक्य म्हणायची वेळच आली नव्हती, सगळ्यांना माहीत होतं. ते तोंडातून बाहेर पडल्यावर मला हलकं वाटलं असं मुळीच नाही, उलट उघड्यावर उभं राहिल्यासारखं वाटलं. म्हातारीने माझ्याकडे नीट बघितलं. मग समोर येऊन, तोंड मोठं करून, एकेक शब्द तोडून ती बोलली. “गाडी. बिघडली. चल. माज्यासंगं.” चारही शब्द मला कळले.

जीपमध्ये ती माझ्याशेजारी बसली. ती कोण, कुठली, मला आजही माहीत नाही. मार्गासनीला उतरल्यावर तिने मला गुंजवण्याला जाणाऱ्या दुसऱ्या जीपमध्ये बसवलं आणि ड्रायव्हरला माझ्या कानाकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. तेवढ्यातही मी बघून घेतलं की पिशवीची चेन लागलेली आहे ना.

घरी पोचले तेव्हा वहिनी अंगणात होती. मला बघून तिचा चेहरा पडला. मी मनात म्हटलं, बघ, नको आहोत आपण. ती धावत आली, मला दारातच थांबवायला लागली, हात जोडल्यासारखं करत काहीतरी बोलत होती. मी तिला बाजूला करून आत गेले.

मधल्या घरात कॉटवर आबा होते.

एक बाजू पूर्ण लुळी. तोंड उजवीकडे ओघळलेलं. हनुवटीवर पांढरी खुरटी दाढी, आणि मी बघितलेले आबा कधी दाढी न केलेले नव्हते. त्यांनी मला ओळखलं. डावा हात उचलला. तोंड उघडलं आणि ते हललं, पण त्या हलण्याला कुठल्याच शब्दाचा आकार नव्हता.

भाऊ शेतावरून आला. मी त्याला भिंतीशी उभं केलं आणि म्हटलं, “माझ्याकडं बघून बोल.” तो सावकाश बोलला आणि जे कळलं नाही ते मोबाईलवर लिहून दाखवलं. होळीच्या आदल्या दिवशी आबांना लकवा मारला होता. पुण्याला नेलं, आठ दिवस ठेवलं, घरी आणलं. वाचा गेली. “दाजी म्हनले, ती आत्ताच उठलीय दुखण्यातनं. तिला न्हाई सोसायचं. जरा बरं वाटलं की सांगू.”

“आणि बरं वाटलं नसतं तर?”

त्याने मान खाली घातली. मान खाली घातल्यावर मला ओठ दिसत नाहीत, हे तेव्हा कुणालाच कळत नव्हतं.

मला वाटत होतं त्यातलं सगळं खोटं ठरलं होतं आणि तरी मी खरी ठरले होते. माझ्यापासून लपवलं जात होतं. रोजच्या फोनमध्ये मीच होते. पण मला घालवायचं म्हणून नाही, मला जपायचं म्हणून. दुसऱ्या दिवशी हे आणि मुलगी आले तेव्हा मी ह्यांना सगळ्यांसमोर ती दारातली गोष्ट विचारली. त्यांना आधी आठवेना. मग आठवलं. कुणा शेतकऱ्याची मोठी मोटार दुकानात होणारी नव्हती, ती बाहेर पाठवायची होती. त्यांनी मला दोन्ही शब्द तोंडाने करून दाखवले. बाहेर. माहेर. ओठ दोन्ही वेळा अगदी तसेच मिटले आणि उघडले, ‘माहेरी’तली शेवटची ‘ई’ मीच मनाने जोडली होती. ‘ब’ आणि ‘म’ बघून ओळखता येत नाहीत, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मुलीला हसू आलं, मला आलं नाही. खरं सांगायचं तर ती मोटार खरंच होती का, हे मी नंतर दुकानातल्या कामगाराला विचारून घेतलं.

मी ह्यांना म्हटलं, “तुमच्या चांगुलपणानं माझा दीड महिना गेला. आबांचा पण.” ते रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं, पण त्यांना जवळ घ्यावंसं मला वाटलं नाही. मी म्हटलं, मी इथंच राहणार, तुम्ही जा.

गुंजवण्याच्या घरातही सगळं सरळ नव्हतं. वहिनी सुकली होती. आबा तिच्या हातचं खात नव्हते. चमचा तोंडाशी नेला की ते तोंड फिरवायचे, कधी थुंकायचे. तिने मला जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून दाखवलं की दोन वर्षांपूर्वी खालच्या वाफ्यावरून तिची आणि आबांची बोलाचाली झाली होती, ते त्यांनी मनात धरलंय. “त्येंना वाटतं म्या कायतरी घालीन जेवनात,” ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. आबांनी राग धरलाय असं भावालाही वाटायला लागलं होतं. तो भरवायला बसला की आबा दोन-तीन घास घ्यायचे, मग त्याच्याशीही तेच.

मी पहिले दोन दिवस काही केलं नाही. कॉटसमोर बसून बघत राहिले. चार महिने मी दुसरं काही केलंच नव्हतं, नुसते चेहरे बघितले होते, कोण काय लपवतंय ते शोधत. आता तेच आबांच्या चेहऱ्यावर करायला लागले. भाऊ आणि वहिनी त्यांच्या आवाजाकडे कान लावायचे, ‘बा बा’ म्हणतात म्हणजे काय, ‘पा’ म्हणजे पाणी का. मला तो आवाज नव्हताच.

मला जे दिसलं ते असं. कॉटची डावी बाजू भिंतीला होती, म्हणून जो तो उजवीकडून यायचा. चमचा उजवीकडून यायचा. आणि आबांचे डोळे तो चमचा तोंडाला लागेपर्यंत त्याच्याकडे वळतच नव्हते. ओठाला लागला की ते दचकायचे. मग घास उजव्या गालात जायचा आणि तिथेच राहायचा, त्यांना तो कळायचाच नाही, आणि मग श्वासात अडकेल अशी भीती डोळ्यांत यायची. तो राग नव्हता. माझा स्वतःचा चेहरा मागून कुणी खांद्याला हात लावल्यावर तसाच होत असणार.

मी भावाला कॉट फिरवायला सांगितली. डावी बाजू मोकळी केली. वहिनीला म्हटलं, तू बस. ती नको नको म्हणत होती. मी तिला धरून बसवलं. ती डावीकडे बसली, तिने वाटी आधी त्यांना दाखवली, मग चमचा दाखवला, मग डाव्या गालाशी नेला. मऊ भात आणि दूध. आबांनी गिळला. दुसरा घास घेतला. चौथ्या घासानंतर वहिनी उठून वाटीत अजून भात घेऊन आली.

माझं सगळंच बरोबर यायचं असं नाही. एकदा ते दाराकडे बघून तळमळत होते, मी ठरवलं की त्यांना बाहेर नेऊन शेत बघायचंय. राब भाजायचे दिवस होते, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात ते. मी आणि भावाने त्यांना खुर्चीत उचलून ओट्यावर नेलं. त्यांना लघवीला लागली होती. ओल्या धोतरानिशी ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते तिचा अर्थ लावायला मला काहीच कष्ट पडले नाहीत.

पण हळूहळू आमचं जमत गेलं. दोघांनाही बोलणं नको होतं. भुवई, बोट, मान. आजाराच्या आधीही आबा आणि मी एवढा वेळ एकमेकांसमोर कधी बसलो नव्हतो. बाप आणि लग्न झालेली मुलगी एवढा वेळ कशाला बसतील.

आषाढात, लावणी चालू असताना, सकाळी दहाच्या सुमाराला आबा गेले. भाऊ खाचरात होता. मी त्यांच्या डाव्या बाजूला त्यांचा हात धरून बसले होते, खिडकीतून बाहेर बघत होते. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली तेव्हा मला कळलं. घशातली घरघर तिला आतपर्यंत ऐकू गेली होती. मी हातभर अंतरावर होते.

हे मला फार दिवस लागून राहिलं. दहाव्याच्या आधी वहिनीने त्याच कॅलेंडरच्या मागे लिहिलं, “ऐकून मी काय केलं ताई. नुसती पळत आले.” तो कागद मी भोरला घेऊन आले.

भोरला आल्यावर मी घरात दोन-तीन गोष्टी सांगून टाकल्या. माझ्याशी बोलायचं तर उजेडात, समोर. फोन आला की कुणाचा, कशाला, हे मला सांगायचं, वाईट असलं तर आधी सांगायचं. आणि ‘काही नाही’ म्हणायचं नाही. काही नसेल तर काय चाललं होतं ते सांगा, मीठ-मिरचीचं असेल तरी चालेल. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी भाजीला मीठ जास्त झाल्याचं सांगितलं. पाटी मी कॉटखालून काढली. ती शेगडीशेजारी असते, सगळेच वापरतात, दुधाचा हिशेबही तिच्यावरच.

आळीतल्या त्या दोघींकडे मी जाऊन विचारलं, त्या दिवशी का हसला होतात. त्यांना आठवत नव्हतं. एक म्हणाली, तिच्याच वाढलेल्या पोटाबद्दल असेल. असेलही. नसेलही. ब्लाउज शिवून दिले.

संशय गेला का, असं मुलीने मध्यंतरी विचारलं. गेला नाही. चार माणसं बसून हसत असली की अजून वाटतं, ते माझ्याबद्दलच. फरक एवढाच की आता मी आरशातून बघत नाही, जाऊन समोर बसते आणि विचारते. कधी उत्तर खरं असतं, कधी नसतं. नसलं तर तेही दिसतं.

आबांची गोष्ट वहिनीने भोरला आल्यावर कुणाकुणाला सांगितली असावी. गेल्या वर्षी आमच्या इथल्या शेजारणीच्या सासऱ्यांना लकवा झाला तेव्हा ती शेजारीण मला बोलवायला आली. मला आधी वाटलं, बहिरीला मुक्यापाशी बसवून गंमत बघायची असेल. तरी गेले. मी डॉक्टर नाही, मला औषधातलं कळत नाही, मी फक्त बसते आणि बघते आणि घरच्यांना दिसलं ते सांगते. आतापर्यंत पाच घरी गेले. दोन ठिकाणी काहीच उपयोग झाला नाही.

मागच्या मंगळवारी भाटघरला गेले होते. तिथे एक बाई आहेत, शाळेत शिकवायच्या. उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेल्यात. सून मला आत घेऊन गेली आणि त्यांना माझ्याबद्दल सांगायला लागली. बाई माझ्याकडे बघत होत्या. ती नजर मला ओळखीची होती. ही कोण, हिला का आणलंय, आणि माझ्या पाठीमागे यांचं काय ठरलंय.

मी सुनेला थांबवलं आणि खुर्ची अशी ठेवली की त्यांना मी, सून आणि दार, तिन्ही दिसतील. मग बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी डाव्या हाताने माझ्या पिशवीकडे बोट केलं. मी पिशवी त्यांच्यापुढे रिकामी केली. चष्म्याचं घर, पाण्याची बाटली, टेप, ब्लाउजच्या हुकांची पुडी. त्यांनी एकेक वस्तू उलटीपालटी करून बघितली. पुडी उचलून कानाशी हलवली, आणि मग माझ्या कानाशी आणून हलवली.

मी कानाकडे बोट दाखवून नाही म्हणून मान हलवली.

त्यांनी माझ्याकडे, मग सुनेकडे आणि परत माझ्याकडे बघितलं. मग माझा हात ओढून घेतला, पुडी तळहातावर ठेवली, माझी मूठ मिटवली आणि मूठ हलवली. हुक हातात खडखडलेले मला नीट कळले.